चटणी आवडते, मग पैसे भरताना ग्राहक मागे का फिरतात?

वाचकाचं पत्र

मी सोलापुरात घरूनच शेंगा चटणी, कडक भाकरी आणि जवस-कारळ्याच्या चटण्या विकते. हाताखाली दोघी आहेत. भाच्यानं वेबसाइट करून दिली, इन्स्टाग्रामवर पान आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांचा ग्रुप आहे. वेबसाइटवर आधी मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यावा लागतो, मग माल दिसतो. शेवटी यजमानांच्या खात्याचा क्यूआर येतो. लोकांनी पैसे पाठवायचे आणि स्क्रीनशॉट टाकायचा. पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून लोक येतात, माल निवडतात आणि पैसे भरायच्या पानावरून परत जातात. राहतात त्यांतले बहुतेक सीओडी (माल हातात आल्यावर पैसे) मागतात, आणि दहा सीओडी पार्सलांतली तीन परत येतात. कुरियरचे जाताना ८० आणि येताना ७० रुपये पदरचे जातात. मागच्या महिन्यात एकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, ६,४०० रुपयांचा माल गेला, खात्यात काहीच आलं नाही. आमच्या एक जुन्या ग्राहक काकू म्हणाल्या, ‘तुमच्याकडे ऑर्डर दिली की मला कर्जाचे नि लॉटरीचे फोन सुरू होतात.’ ते फार लागलं. दिवाळीआधी दोन दिवस वेबसाइट उघडली की लाल धोक्याची सूचना यायची. यजमान म्हणतात, हे बंद कर, गावातल्या दुकानांत माल ठेव. लोकांचा ऑनलाइनवर विश्वासच नाही, की माझं काही चुकतंय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन बंद करू नका. लोकांचा ऑनलाइनवर विश्वास नाही म्हणावं, तर हीच मंडळी चहापासून भाजीपर्यंत सगळ्याचे पैसे फोनवरून देतात. टपरीवर चहा हातात आल्यावर पैसे जातात. तुमच्याकडे पैसे आधी जातात, नंबर आणि पत्ता त्याच्याही आधी जातो, आणि माल चार दिवसांनी पोचतो. तेवढ्या काळासाठी ग्राहकाच्या मनात दोनच प्रश्न असतात. माल आला नाही तर कोणाला धरू? आणि माझा नंबर कुठे कुठे जाईल? तुमच्या वेबसाइटवर या दोन्हींचं उत्तर मिळत नाही. उलट काही गोष्टी अशा आहेत की शंका नसलेल्यालाही यावी. त्यातल्या बहुतेक दुरुस्त करायला पैसा लागत नाही.

क्यूआरपासून सुरू करू. ग्राहक तुमच्या ब्रँडचं नाव वाचून येतो, क्यूआर स्कॅन करतो आणि त्याच्या अ‍ॅपवर एका अनोळखी पुरुषाचं नाव येतं. ३० जून २०२५ पासून यूपीआय अ‍ॅपवर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं. आपण ठेवलेलं टोपणनाव किंवा दुकानाचं नाव तिथे येत नाही. फसवणूक टळावी म्हणूनच हा नियम झाला. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, असं पोलीस आणि बँका वर्षानुवर्षं सांगत आहेत. तुमचे ग्राहक तेच करत आहेत. त्यांचं काही चुकत नाही.

दुसरी अडचण साधी आहे, पण लक्षात येत नाही. बहुतेक लोक तुमची वेबसाइट फोनवर बघत असणार. फोनच्या पडद्यावरचा क्यूआर त्याच फोननं स्कॅन कसा करायचा? मग क्यूआरचा स्क्रीनशॉट काढा, यूपीआय अ‍ॅप उघडा, गॅलरीतून तो चित्र म्हणून घाला, रक्कम हातानं टाका, पैसे पाठवा, पुन्हा स्क्रीनशॉट काढा, वेबसाइटवर या, तो चढवा. इतक्या पायऱ्या चढेपर्यंत निम्मे लोक कंटाळतात आणि उरलेल्यांना वाटतं, काहीतरी गडबड आहे.

म्हणून पहिलं काम: रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या एखाद्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटरकडे, म्हणजे ज्याला सगळे गेटवे म्हणतात त्याच्याकडे, तुमच्या स्वतःच्या नावानं किंवा व्यवसायाच्या नावानं खातं उघडा. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइट भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. गेटवेवाले तुमची वेबसाइट तपासतात आणि संपर्क, परतावा, पाठवणी, अटी आणि गोपनीयता ही पानं नसतील तर अर्ज अडवून ठेवतात. ती पानं आधीच लिहून ठेवा. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचलू नका. उचललेल्या पानात दुसऱ्या कंपनीचं नाव राहून जातं, आणि ग्राहकानं ते बघितलं की संपलं.

खर्चाचा अंदाज घ्या. कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ८५० रुपयांच्या ऑर्डरवर २० रुपये जातात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दलचं टक्केवारीचं शुल्क, घेता येत नाही. तरी काही गेटवे वेगळं सेवाशुल्क लावतात, करारात ते आधी वाचा. या २० रुपयांच्या बदल्यात तुम्हाला फोनवर थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारं बटण मिळतं, रक्कम आपोआप भरलेली येते आणि स्क्रीनशॉटची भानगड कायमची संपते. कार्डाचा नंबर टाकायचं पान गेटवेचंच ठेवा, तो चौकोन स्वतःच्या वेबसाइटवर करायला भाच्याला सांगू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कोणालाही ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवता येत नाही. जे तुमच्याकडे नाहीच ते तुमच्याकडून चोरीला जाणार नाही.

आता भाच्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘पैसे आल्याची खबर आपल्या वेबसाइटला कशी लागते?’ ग्राहक यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे जातात. मग तो ब्राउझरकडे परत येतोच असं नाही. फोन जुना असेल, मेमरी कमी असेल तर ब्राउझर मागे बंद पडतो. वेबसाइट फक्त ग्राहक ‘धन्यवाद’च्या पानावर येण्याची वाट बघत असेल तर पैसे गेटवेत पडून राहतात आणि ऑर्डर नोंदलीच जात नाही. ग्राहकाच्या दृष्टीनं तुम्ही पैसे गिळलेत. यावर उपाय म्हणजे वेबहुक. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, ग्राहकाच्या फोनचा संबंधच येत नाही. त्या संदेशाची डिजिटल सही, म्हणजे तो खरंच गेटवेकडून आल्याची खूण, सर्व्हरवर तपासली जाते ना, हेही विचारा. ती तपासली नाही तर कोणीही तसाच खोटा संदेश पाठवून फुकट ऑर्डर नोंदवू शकतो, आणि तुम्ही पुन्हा ६,४०० च्या जागी याल.

कार्ड चालत नाही अशी तक्रार आली तर आधी एक बघायला सांगा. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात; ग्राहकानं बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करायचे असतात. वडीलधाऱ्या ग्राहकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं दुकानच खोटं.

पैसे मागायच्या पानावर, बटणाच्या अगदी वर, हे चार-पाच ओळींत लिहा. आम्ही नमुना देतो, नावं तुमची घाला:

‘पैसे देताना तुमच्या अ‍ॅपवर (तुमचं बँकेतलं नाव किंवा गेटवेवर दिसणारं नाव) असं दिसेल. दुसरं नाव दिसलं तर थांबा आणि आम्हाला कळवा. पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही, तर रक्कम पाच दिवसांत आपोआप परत येते. माल खराब निघाला तर ४८ तासांत फोटो पाठवा, पूर्ण पैसे परत करू. आम्ही फोन करून ओटीपी, पिन किंवा कार्डाची माहिती कधीही विचारत नाही.’

यातले पाच दिवस आम्ही मनानं लिहिलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला यूपीआयनं किंवा ऑनलाइन कार्डानं दिलेले पैसे कापले गेले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत करायचे असतात. पुढे उशीर झाला तर बँकेनं ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे. लोकांना हे माहीत नाही. तुमच्याकडून कळलं तर ते तुम्हाला लक्षात ठेवतील. परताव्याचं वचन मात्र पाळता येईल तेवढंच द्या.

काकूंच्या तक्रारीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला ती लागली आणि लागायलाच हवी. फोन तुमच्यामुळेच सुरू झाले असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांचा नंबर दहा ठिकाणी गेलेला असेल. मोठमोठ्या कंपन्यांकडूनही ग्राहकांचे पत्ते-नंबर बाहेर गेलेले आहेत. २०२० मध्ये बिगबास्केटच्या ग्राहकांची माहिती फुटल्याची बातमी सगळ्या देशानं वाचली. पण तुमच्या पत्रावरून एक जागा आम्हाला लगेच दिसते: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रुपमधल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. त्यात एक जण कर्जाचा एजंट निघाला, किंवा कोणी पान उघडून सगळे नंबर उतरवून घेतले, तरी तुम्हाला कळणार नाही. ग्रुपची लिंक इन्स्टाग्रामवर ठेवली असेल तर कोणीही आत येऊ शकतो. ग्रुप बंद करा. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण मावतात, एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच संदेश जातो. नवीन माल आला, दर बदलले एवढंच सांगायचं असेल तर चॅनल उघडा, तिथेही सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुप बंद करताना कारण सरळ सांगा. काकूंना वेगळा फोन करून सांगा.

दुसरी जागा ऑर्डरचा तक्ता. घरगुती व्यवसायात तो बहुधा गूगल शीटवर असतो आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल’ अशा परवानगीनं वाटलेला असतो. ती लिंक पॅकिंगवाल्या ताईंकडे, कुरियरच्या मुलाकडे, काम सोडून गेलेल्या मुलीकडे, सगळीकडे राहते. शेअरच्या बटणावर जाऊन परवानगी ‘मर्यादित’ करा आणि फक्त दोन-तीन ई-मेल पत्ते घाला. पॅकिंगसाठी वेगळा तक्ता करा, त्यात ऑर्डर क्रमांक आणि मालाचे नग असले की पुरे. डबा भरायला ग्राहकाचा नंबर लागत नाही. माल पोचून परताव्याची मुदत संपली की तीन महिन्यांनी तक्त्यातून नंबर आणि पत्ते काढून टाका. हिशेबासाठी बिलं वेगळी असतातच.

तिसरी जागा फोटो. ‘आजची पार्सलं निघाली’ म्हणून खोक्यांच्या उतरंडीचा फोटो बरेच जण हौसेनं स्टेटसवर टाकतात. तो मोठा करून बघा. लेबलावरचं नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल, शिवाय सीओडीची रक्कमही स्वच्छ वाचता येते. भामट्याला एवढंच हवं असतं. तो त्या ग्राहकाला फोन करतो, ‘तुमचं चटणीचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला या लिंकवर पाच रुपये भरा,’ किंवा एक एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवतो. ग्राहकानं खरोखरच चटणी मागवलेली असते, म्हणून तो फसतो. पोस्टाच्या नावानं येणारे ‘पत्ता अपडेट करा’ असे खोटे संदेश याच जातीचे. जुने असे फोटो पानावर असतील तर आजच काढा. पुढे फोटो घ्यायचाच तर लेबल लावायच्या आधी घ्या.

वेबसाइटवर माल दाखवायच्या आधी ओटीपी मागता, तो काढून टाका. दर आणि कुरियरचा खर्च बघण्यासाठी नंबर द्यायचं कारण नाही. दुकानदारांनी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये असं ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्येच सांगितलं आहे. नाव, पत्ता, पिनकोड आणि कुरियरसाठी मोबाइल एवढं शेवटच्या पानावर मागा, ई-मेल ऐच्छिक ठेवा, जन्मतारीख मुळीच नको. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर पाठवा’ या चौकोनात आधीच बरोबरची खूण असेल तर ती काढा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच टिक केलेला चौकोन संमती म्हणून चालत नाही. त्याच नियमांनुसार तुमचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव वेबसाइटवर हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. तक्रार निवारणासाठी तुमचंच नाव द्या, पण धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. बाईमाणसाचा नंबर उघड्यावर असला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात, आणि तुमचीही खासगी बाजू जपायलाच हवी.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती जपण्याची वाजवी व्यवस्था ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांकडे बघून ठेवलेला आहे, घाबरू नका. पण नियम घरगुती दुकानालाही चुकत नाहीत. कमी माहिती गोळा करणं हाच सगळ्यात स्वस्त बंदोबस्त.

सीओडीकडे वळू. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहारात दुसऱ्या पडताळणीची सक्ती केली, तरी लोक कार्ड टाकायला धजत नव्हते. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं सीओडी सुरू केली, आणि ज्यांनी आयुष्यात ऑनलाइन काही घेतलं नव्हतं ते पहिल्यांदा घेऊ लागले. सीओडी हे अविश्वासावरचं औषधच होतं. ते एकदम बंद केलंत तर नवा ग्राहक येणारच नाही. पण डोस कमी करता येतो.

हिशेब मांडा. दहातली तीन परत आली तर १५० रुपयांप्रमाणे ४५० गेले. ते पोचलेल्या सात पार्सलांवर वाटले तर प्रत्येकी ६४ रुपये पडतात. परत आलेली कडक भाकरी बहुधा मोडलेली असते, चटणीचे आठ-दहा दिवस प्रवासात गेलेले असतात, ते वेगळंच. म्हणजे आधी पैसे भरणाऱ्याला ४० रुपये सूट दिलीत तरी तुमचा तोटा नाही. ती सूट मालाच्या पानावरच दाखवा. आणि सीओडीचं जादा शुल्क लावणार असाल तर तेही तिथेच दाखवा. शेवटच्या पानावर अचानक रक्कम वाढवणं डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या वेबसाइटवरच्या युक्त्या, यांविषयीच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही, आणि ग्राहकही तिथूनच उठून जातो. पहिल्या ऑर्डरला सीओडीची मर्यादा ८०० रुपये ठेवा. त्यावर असेल तर १०० रुपये आधी घ्या, उरलेले दारात. शंभर रुपये दिलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही, आणि शंभर रुपयांचा धोका नवा ग्राहकही पत्करतो.

पार्सलं परत येण्याचं एक कारण हीच भीती आहे. डिलिव्हरीवाला अनोळखी नंबरवरून फोन करतो, आणि अनोळखी नंबर आज कोण उचलतं? दारात खोकं आलं, पाठवणारा कोण ते घरच्यांना माहीत नाही, ‘न मागवलेलं सीओडी पार्सल घेऊ नका’ हे मात्र सगळ्यांनी ऐकलेलं. सासूबाई परत पाठवतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दोष देऊन काय होणार. म्हणून माल निघाला त्या दिवशी आणि पोचायच्या आदल्या दिवशी तुमच्या नेहमीच्या नंबरवरून संदेश पाठवा: काय मागवलंय, किती रुपये द्यायचे आहेत, कुठलं कुरियर, साधारण कुठला दिवस, घरच्यांना सांगून ठेवा. लिंक घालू नका, ट्रॅकिंग क्रमांक नुसता लिहा. खोक्यावर बाहेरून ब्रँडचं नाव मोठं छापा.

ग्राहकांना हेही हळूच समजावा की सीओडीत त्यांना वाटतं तेवढं संरक्षण नाही. सहसा पैसे दिल्यावरच खोकं उघडता येतं, आणि रोख एकदा गेली की तिचा माग लागत नाही. गेटवेतून दिलेल्या पैशाची नोंद राहते, कार्डावर वाद उपस्थित करता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर वेबसाइटवर ठेवा. आपल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची हे जो दुकानदार स्वतः सांगतो, त्याच्याकडे पैसे द्यायला माणूस कचरत नाही.

परदेशातली मुलं पुण्यातल्या आई-बाबांसाठी ऑर्डर देत असतील तर एक लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कार्डावर सहसा ओटीपी येत नाही. कार्ड चोरीचं असेल तर पैसे तुमच्याकडून परत घेतले जातात. अनोळखी आणि मोठी ऑर्डर असेल तर फोन करून खात्री करा. अमेरिका, यूएई, ब्रिटन, सिंगापूर अशा काही देशांतल्या नंबरांना जोडलेल्या एनआरई-एनआरओ खात्यांवर (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यांवर) यूपीआय चालतं, ते सुचवा.

स्क्रीनशॉटवर माल सोडणं आजपासून बंद. पैसे गेटवेच्या डॅशबोर्डवर किंवा बँकेच्या अ‍ॅपमधल्या व्यवहारांत दिसले तरच खोकं बांधायचं. एसएमएसही पुरावा नाही. साध्या दहा आकडी नंबरवरून ‘खात्यात १५,००० जमा’ असा हुबेहूब संदेश पाठवतात आणि मग रडवेल्या आवाजात म्हणतात, ‘१,५०० पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं, बाकीचे परत करा.’ पैसे खरंच आले असले तरी वेगळ्या नंबरवर परत पाठवू नका. गेटवेतून मूळ व्यवहारावरच परतावा द्या, किंवा त्यांच्या बँकेकडे तक्रार करायला सांगा. खाद्यपदार्थवाल्यांना आणखी एक फोन हमखास येतो: ‘मी लष्करात आहे, युनिटसाठी ५० किलो चटणी हवी.’ ओळखपत्राचा फोटो येतो, मग ‘आमच्या पद्धतीप्रमाणे हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, येत कधीच नाहीत. हे हाताखालच्या दोघींनाही शिकवा, कारण असे फोन तुम्ही घरी नसतानाच उचलले जातात.

घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं करण्याचं आणखी एक मोठं कारण आहे. चोरीच्या पैशातून कोणी तुमच्याकडे खरेदी केली, तर तपासात त्या पैशाचा माग काढत यंत्रणा तुमच्या खात्यापर्यंत येते आणि तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातं, गोठवलं जातं. तुमचा दोष नसतो, पण यजमानांचा पगार त्याच खात्यात अडकला तर घर चालायचं कसं? धंद्याचं खातं वेगळं ठेवा. प्रत्येक बिलावर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहा, कुरियरची पोचपावती जोडा. बँकेनं विचारलं तर माल विकल्याचा पुरावा त्याच दिवशी देता येईल.

लाल सूचनेचं कारण बहुधा हे असावं: वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र संपलं होतं. फुकट मिळणारी प्रमाणपत्रं बहुधा ९० दिवसांचीच असतात. ती आपोआप नव्यानं घ्यायची व्यवस्था बंद पडली की मुदत संपल्या क्षणी ब्राउझर पूर्ण पडदाभर धोक्याची सूचना दाखवतो. दिवाळीआधीच्या दोन दिवसांत किती फराळाच्या ऑर्डरी गेल्या असतील! वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर दाबून प्रमाणपत्राची शेवटची तारीख आज बघा, तिच्या पंधरा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. वेबसाइटचं नाव आणि होस्टिंग कोणाच्या ई-मेलवर आहे तेही बघा. भाच्याच्या असेल तर तुमच्या नावावर करून घ्या. उद्या तो नोकरीला बाहेर गेला तर नूतनीकरणाची सूचना वाचणार कोण? जुने प्लगइन (वेबसाइटला जोडलेले जादा प्रोग्रॅम) काढून टाका, विशेषतः अर्धवट ऑर्डरवाल्यांना संदेश पाठवणारे फुकटचे प्लगइन. ते नंबर बाहेर कुठे पाठवतात याचा पत्ता लागत नाही. इन्स्टाग्रामला आणि ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा.

यजमानांचं म्हणणं टाकून देऊ नका. गावातल्या दुकानांत माल ठेवा, त्यात नुकसान काही नाही, आणि ‘अमुक दुकानात मिळेल’ ही ओळ वेबसाइटवर आली की बंगळूरच्या ग्राहकालाही हे खरं दुकान आहे हे कळतं. एफएसएसएआयचा क्रमांकही ठळक लिहा, तो सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो.

राहिला ६,४०० चा विषय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. माल गेलेला आहे, पैसे तुमच्या खात्यात आलेच नव्हते, त्यामुळे रक्कम परत मिळेल अशी फार आशा आम्ही दाखवणार नाही. तरीही तक्रार करा. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे आणि तो नंबर दुसऱ्या कोणावर वापरला जाण्याआधी बंद होऊ शकतो. खोटा स्क्रीनशॉट, त्यावरचा व्यवहार क्रमांक, चॅट, फोन नंबर, माल जिथे उतरला तो पत्ता आणि कुरियरची पोचपावती एकत्र ठेवा. कुरियर कंपनीकडून माल घेणाऱ्याची सही किंवा ओटीपीची नोंद लगेच मागवा, त्या नोंदी फार दिवस ठेवत नाहीत. पोर्टलवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि त्याच्यासह जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.